आयटी शेअरचा सातबारा: पडत्या बाजारात स्क्रीनर किती कामाला येतं?

लातूर-नांदेडकडं जमीन घेताना नुसता सातबारा बघून कुणी इसार देत नाही. उतारा, फेरफार, बँकेचा बोजा हे सगळं बघून झालं की माणूस शिवारात जातो आणि विहिरीत डोकावतो, तेही शक्यतो मे महिन्यात. आश्विनात सगळ्याच विहिरी तुडुंब असतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसल्या उन्हाळ्यातच कुठल्या विहिरीला जिवंत झरा आहे ते कळतं. शेअर बाजारातला उन्हाळा म्हणजे मंदी, आणि स्क्रीनर डॉट इन हे संकेतस्थळ म्हणजे कंपनीचा सातबारा. आयटी कंपन्यांचे शेअर पडलेले असताना हा उतारा कसा वाचायचा, कुठं तो पुरतो आणि कुठं शिवारफेरी केल्याशिवाय भागत नाही, हे या परीक्षणात मांडलं आहे.

संकेतस्थळ मित्तल अ‍ॅनालिटिक्स या कंपनीचं, 2009 पासूनचं. कंपनीचं नाव टाकलं की एकाच लांब पानावर सगळं येतं: वर भाव, बाजारमूल्य, पी/ई (भाव भागिले शेअरमागचा नफा), आरओसीई (गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा); मग तिमाही निकाल, दहाएक वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद, रोकड प्रवाह, भागधारणा; आणि तळाला वार्षिक अहवाल आणि कॉन्कॉलची, म्हणजे निकालानंतर विश्लेषकांशी होणाऱ्या चर्चेची, कागदपत्रं. ईमेल देऊन मोफत खातं उघडता येतं. वर्षाची फी भरून प्रीमियम खातंही मिळतं, पण पुढं सांगितलेलं बहुतेक सगळं काम मोफत खात्यात होतं. सुरुवातीला पैसे भरायची गरज नाही.

माझा निकाल पाचपैकी चार. इतक्या स्वच्छपणे दहा वर्षांचे आकडे एका पानावर मांडणारी दुसरी मोफत सोय सामान्य गुंतवणूकदाराच्या हाताशी क्वचितच आहे. एक गुण कापला त्याचं कारण असं, की हा साचा साखर कारखान्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना जवळपास सारखाच लावलेला आहे आणि आयटी कंपनी त्यात नीट बसत नाही. चार-पाच रकान्यांचा अर्थ आयटीत वेगळा लागतो. तो माहीत नसला तर चांगली कंपनी चाळणीतून खाली पडते आणि नको ती वर राहते.

चाळणीपासूनच सुरुवात करू. ‘क्रिएट न्यू स्क्रीन’ या ठिकाणी एक चौकट उघडते, तिथं अटी लिहायच्या असतात. टाइप इंग्रजीत करावं लागतं आणि दोन अटींमध्ये ‘अँड’ हा शब्द लागतो. तो विसरला की चाळणी चालतच नाही. मंदीत आयटीसाठी मी सुचवेन ती चाळणी अशी:

मार्केट कॅपिटलायझेशन > 5000 अँड
ॲव्हरेज रिटर्न ऑन कॅपिटल एम्प्लॉइड 5 इयर्स > 20 अँड
डेट टू इक्विटी < 0.3 अँड
सेल्स ग्रोथ 5 इयर्स > 10 अँड
कॅश फ्रॉम ऑपरेशन्स लास्ट इयर > प्रॉफिट आफ्टर टॅक्स लास्ट इयर * 0.8

बाजारमूल्य कोटीत धरलं जातं, म्हणजे पहिली अट 5,000 कोटींची. निकालात सगळ्याच उद्योगांच्या कंपन्या येतात, त्यातून आयटी वेगळ्या काढायच्या. सोपा मार्ग म्हणजे कुठल्याही आयटी कंपनीच्या पानावर ‘पीअर्स’च्या भागात तिच्या उद्योगाचं नाव असतं, त्यावर दाबलं की त्या वर्गातल्या सगळ्या कंपन्यांची यादी मिळते. दोन्ही याद्या ताडून बघितल्या की हातात थोडीच नावं राहतात आणि तेवढीच हवी असतात.

कर्जाच्या अटीत बहुतेकजण अडखळतात. ‘आयटी कंपनीला कर्ज नको’ म्हणून लोक डेट टू इक्विटी (भागधारकांच्या भांडवलाच्या तुलनेत कर्ज) शून्य अशी अट टाकतात आणि मग टीसीएससारखी कंपनीही यादीत दिसत नाही. टीसीएसवर बँकेचं कर्ज म्हणण्यासारखं काही नाही, तरी तिच्या ताळेबंदात ‘बॉरोइंग्ज’च्या ओळीत हजारो कोटी दिसतात. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड एएस 116 या लेखा-मानकाप्रमाणे भाड्यानं घेतलेल्या कार्यालयांचं पुढच्या वर्षांचं भाडं देणं म्हणून ताळेबंदात दाखवावं लागतं आणि स्क्रीनर ते कर्जाच्या ओळीत धरतं. म्हणून अट 0.3 ची ठेवायची आणि त्या ओळीपुढचं अधिकचं चिन्ह दाबून आत काय आहे ते बघायचं. ‘लीज लायबिलिटीज’ असेल तर ते भाडं आहे. दीर्घ मुदतीचं कर्ज असेल तर कशासाठी काढलं ते वार्षिक अहवालात शोधायचं. आयटीत ते बहुधा दुसरी कंपनी विकत घ्यायला काढलेलं असतं.

चाळणीत पी/ई मुद्दाम घेतलेला नाही. पडत्या बाजारात कमी पी/ईची अट टाकली की ज्यांचा धंदा खरंच खालावला आहे त्याच कंपन्या आधी वर येतात. भावाचा विचार शेवटी.

कंपनीचं पान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे आकडे ‘कन्सॉलिडेटेड’, म्हणजे उपकंपन्या धरून एकत्रित, आहेत ना हे बघणं. आयटी कंपन्यांच्या अमेरिका-युरोपातल्या उपकंपन्यांचा व्यवहार ‘स्टँडअलोन’मध्ये पूर्ण येत नाही. मथळ्याशेजारीच अदलाबदलीचा दुवा आहे.

आता विक्री. स्क्रीनर विक्रीची वाढ रुपयात दाखवतं, पण आपल्या आयटी कंपन्यांची कमाई मुख्यतः डॉलर, युरो, पौंडात होते. रुपया घसरला की काम तेवढंच राहूनही विक्री वाढलेली दिसते. इन्फोसिसची 2022-23 ची वाढ रुपयात 20.7 टक्के होती आणि चलनाचा परिणाम काढून, म्हणजे ‘कॉन्स्टंट करन्सी’त, 15.4 टक्के. चांगल्या वर्षात हा फरक झाकून जातो. पुढच्या, 2023-24 च्या वर्षात रुपयात 4.7 टक्के वाढ दिसली आणि कॉन्स्टंट करन्सीत ती फक्त 1.4 टक्के निघाली. टीसीएसचंही त्याच वर्षी 6.8 आणि 3.4 असं होतं. मंदीत कंपनी वाढते आहे की जागेवर उभी आहे हाच मुख्य प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर स्क्रीनरच्या तक्त्यात नाही. प्रत्येक मोठी आयटी कंपनी निकालाच्या दिवशी स्वतःच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात ‘फॅक्ट शीट’ टाकते, त्यात ते असतं. पाच-सात पानांचा कागद असतो. तो उघडायचा कंटाळा केला तर पुढचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहतं, म्हणून इथं मी आग्रह धरतो.

नफ्याच्या टक्केवारीतही एक गफलत होते. स्क्रीनरच्या ‘ओपीएम’मध्ये (ऑपरेटिंग प्रॉफिट मार्जिन) घसारा वजा केलेला नसतो. आयटी कंपन्या स्वतः जे ‘ऑपरेटिंग मार्जिन’ सांगतात ते घसारा वजा करून. म्हणून टीसीएसचं 2023-24 चं मार्जिन कंपनीच्या पत्रकात 24.6 टक्के आणि स्क्रीनरवर साधारण 27 टक्के दिसतं. दोन्ही बरोबर आहेत. एका कंपनीचा आकडा वर्तमानपत्रातून आणि दुसरीचा स्क्रीनरवरून घेऊन तुलना केली, तर मात्र दोन-अडीच टक्क्यांची चूक तिथंच झाली. दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

मार्जिनपेक्षा मला मोलाची वाटते ती ‘एक्स्पेन्सेस’ शेजारचं अधिकचं चिन्ह दाबल्यावर उलगडणारी कर्मचारी खर्चाची ओळ. आयटीत कच्चा माल म्हणजे माणूस. टीसीएसमध्ये विक्रीच्या प्रत्येक 100 रुपयांतले 57-58 रुपये कर्मचाऱ्यांवर जातात. मंदीत नवं काम कमी झालं की आधी बेंचवर, म्हणजे कामाविना, बसलेली माणसं वाढतात, हा टक्का चढतो आणि मार्जिन दबतं. टक्का चढला नाही आणि विक्रीही पडली नाही, तर कंपनीनं माणसांचं नियोजन नीट केलं आहे. टक्का अचानक उतरला तर मात्र ‘इतर खर्च’ बघा. बाहेरच्या ठेकेदारांकडून माणसं घेतली असतील तर खर्च फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेला असतो.

‘अदर इन्कम’ची ओळ मंदीत बारकाईनं बघावी लागते. इन्फोसिसचाच जानेवारी ते मार्च 2024 चा निकाल घ्या. महसूल 37,923 कोटी, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जेमतेम 1.3 टक्के जास्त. निव्वळ नफा 7,969 कोटी, तब्बल 30 टक्के जास्त. धंदा एक टक्का वाढून नफा तीस टक्के कसा वाढला? त्या तिमाहीत प्राप्तिकराच्या परताव्यावर सुमारे 1,900 कोटींचं व्याज आलं होतं. कंपनीनं ते लपवलेलं नव्हतं, निकालातच लिहिलेलं होतं. पण पुढचं वर्षभर ही रक्कम मागच्या चार तिमाहींच्या नफ्यात धरली जाते आणि स्क्रीनरवरचा पी/ई आपोआप खाली दिसतो. हिशेब करून बघा: वर्षाचा ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा, साधारण 63 रुपये. या व्याजाचा वाटा करापूर्वी शेअरमागे साडेचार रुपयांच्या आसपास. भाव 1,500 धरला तर पी/ई 24 दिसतो, हे व्याज बाजूला काढलं तर 25 च्या पुढं जातो. इथं फरक लहान आहे कारण कंपनी मोठी आहे. लहान कंपनीनं इमारत विकली किंवा गुंतवणूक मोडली की पी/ई 30 चा 12 दिसू शकतो. म्हणून ‘अदर इन्कम’ उलगडून त्यातलं नेहमीचं उत्पन्न किती आणि एकदाचं किती हे वेगळं करायचं आणि पी/ई स्वतः काढायचा.

मोंढ्यात सोयाबीन घातलं की आडत्या पट्टी लिहून देतो. पट्टीवर रक्कम असते, पण पैसे हातात आल्याशिवाय कुणी खताची उधारी भागवायला निघत नाही. नफा-तोट्याचा तक्ता म्हणजे पट्टी आणि ‘कॅश फ्रॉम ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटी’ म्हणजे हातात आलेले पैसे. आयटीत यंत्रसामग्री थोडी, मालाचा साठा नाही, तेव्हा नफ्यातले 100 पैकी 80 ते 100 रुपये दरवर्षी रोकड होऊन यायला हवेत. चाळणीत एकाच वर्षाची अट आहे, ती फक्त गाळणीपुरती. कराचा परतावा किंवा मोठ्या ग्राहकाचा हप्ता मार्चऐवजी एप्रिलमध्ये आला तर एका वर्षाचा आकडा डावा-उजवा होतो. पाच वर्षांची रोकड आणि पाच वर्षांचा नफा, दोन्हींची बेरीज करून भागाकार करा. पाच वर्षांचा मिळून 0.7 च्या खाली असेल तर पुढं वाचायची गरज नाही. इतक्या वर्षांत आला नाही तो पैसा मंदीत येईल असं धरून चालता येत नाही.

आणि आलेली रोकड खरोखर आहे का, हेही तपासायचं. सत्यम कॉम्प्युटरच्या ताळेबंदात 5,361 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक दाखवली होती. त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते, असं तिच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं. त्याच पत्राप्रमाणे सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत 24 टक्के दाखवलेलं मार्जिन प्रत्यक्षात 3 टक्के होतं. घरबसल्या करता येईल अशी एक चाचणी आहे. ‘अदर ॲसेट्स’ उलगडून रोकड घ्या, त्यात ‘इन्व्हेस्टमेंट्स’ची ओळ मिळवा आणि त्या बेरजेवर वर्षाचं नेहमीचं इतर उत्पन्न किती टक्के पडतं ते काढा. ठेवी आणि रोखे असतील तर बँकेच्या व्याजदराच्या जवळपास काही तरी यायला हवं, परदेशात पैसा ठेवला असेल तर थोडं कमी. हजार कोटींची रोकड आणि दहा-पंधरा कोटींचं उत्पन्न असं दिसलं, तर तो पैसा वर्षभर कुठं होता याचं उत्तर वार्षिक अहवालात मिळेपर्यंत हात आखडता ठेवा.

‘रेशो’च्या तक्त्यात ‘डेटर डेज’ आहेत, म्हणजे विक्री झाल्यापासून पैसे यायला लागणारे दिवस. आयटीत 60 ते 80 दिवस नेहमीचे समजायला हरकत नाही. पण काम केलं आणि बिल अजून फाडलेलं नाही असा एक मधला प्रकार असतो, ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’. काही कंपन्या तो येण्याच्या रकमेतच दाखवतात, काही ‘इतर मालमत्ते’त ठेवतात. दुसऱ्या प्रकारात स्क्रीनरवर उधारी कमी दिसते आणि दोन कंपन्यांची तुलना फसते. वार्षिक अहवालातल्या टिपांमधून हा आकडा काढून उधारीत मिळवा, मग वर्षाच्या विक्रीनं भागून 365 नं गुणा. मंदीत ग्राहक पैसे थांबवतो तेव्हा आधी हाच आकडा फुगतो, नफा त्यानंतर पडतो. दोन वर्षांत 15-20 दिवस वाढले असतील तर ती नुसती कागदावरची गोष्ट समजू नका.

एवढ्या कसोट्यांतून जी कंपनी उरते तिच्या भावाकडं आता बघायचं. पानावरच्या आलेखात ‘पीई रेशो’ निवडला की मधोमध मध्यकाची रेघ येते, हा स्क्रीनरचा सगळ्यात उपयोगी भाग म्हणता येईल. मुदत दहा वर्षांची ठेवा. थोड्या वर्षांवर ठेवली तर 2021 सारखी एखादी तेजी त्यात मोठी जागा व्यापते आणि मध्यक फुगलेला मिळतो. 2021 ची तेजी किती उतरली ते एका आकड्यावरून कळेल: निफ्टी आयटी निर्देशांक 2022 या एका वर्षात सुमारे 26 टक्के खाली आला.

मध्यकाच्या खाली आला म्हणजे स्वस्त, असं मात्र लगेच धरू नका. समजा भाव 1,400 आणि चार तिमाहींचा ईपीएस 70, पी/ई 20. दहा वर्षांचा मध्यक 24. कागदावर स्वस्त. पण हा 70 चांगल्या दिवसांतला आहे. पुढच्या वर्षी तो 60 वर आला तर याच भावाला पी/ई 23 च्या पुढं जातो आणि स्वस्ताई जवळपास संपते. आयटीत भाव आधी पडतो आणि नफा काही तिमाहींनी, कारण चालू करारांचं काम सुरूच असतं आणि नवे करार मिळायचे थांबले हे विक्रीत उशिरा दिसतं. म्हणून मी ईपीएस 15 टक्के कमी धरून पी/ई काढायला सांगेन. तरीही तो मध्यकाच्या खाली राहिला तर त्या भावाचा विचार करावा.

आता शिवारफेरी. पानाच्या तळाशी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कॉन्कॉलचे उतारे असतात. निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांच्या प्रश्नांना उत्तरं देतं, त्याचं हे शब्दशः टिपण. इंग्रजी आहे आणि लांब आहे, पण सुरुवातीचं भाषण वरवर चाळून प्रश्नोत्तरांपासून वाचलं तर तासाभरात होतं. काय शोधायचं? नव्या करारांची एकूण किंमत आणि त्यातले खरंच नवे किती, जुन्यांचं नूतनीकरण किती. वरच्या 5 किंवा 10 ग्राहकांचा वाटा. बँकिंग-विमा क्षेत्राचा आणि अमेरिकेचा वाटा, कारण तिकडच्या बँकांनी खर्च आवळला की आपल्या कंपन्यांना पहिला फटका बसतो. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण. आणि कंपनी पुढच्या वर्षाचा अंदाज देत असेल तर तो.

अंदाजाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवण्यासारखं आहे. इन्फोसिसनं एप्रिल 2023 मध्ये वर्षासाठी 4 ते 7 टक्के वाढ सांगितली. जुलैत ती 1 ते 3.5 टक्क्यांवर आणली. वर्षाअखेर प्रत्यक्षात झाली 1.4. एप्रिलच्या निकालानंतर भाव जोरात पडला, तेव्हा ‘पडला, घ्या’ म्हणणाऱ्यांना जुलैत पुन्हा धक्का बसला. अंदाज एकदा खाली आला की तो आणखी खाली येऊ शकतो, म्हणून निदान एक तिमाही अंदाज स्थिर राहिलेला बघून घेणं शहाणपणाचं. टीसीएस असा वार्षिक अंदाज देतच नाही, विप्रो फक्त पुढच्या तिमाहीचा देते. त्यामुळं तिथं करारांच्या आकड्यांवर जास्त भर द्यावा लागतो.

कॉन्कॉलमध्ये आणखी एक सापडतं: एकाच मोठ्या कामाची सूज. टीसीएसच्या नेतृत्वाखालच्या गटाला मे 2023 मध्ये बीएसएनएलच्या 4जी जाळ्यासाठी 15,000 कोटींहून मोठं काम मिळालं. ते चालू असताना भारतातली विक्री वाढलेली दिसली. काम उरकत आलं की ती वाढ टिकणार नाही, हे विक्रीच्या ओळीकडं बघून कळत नाही.

तिमाहीच्या आकड्यांना ऋतू असतो, हेही लक्षात असू द्या. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्ट्यांमुळं कामाचे दिवस कमी पडतात. ज्या तिमाहीत पगारवाढ लागू होते, तिथं मार्जिन दबतं. म्हणून मागच्या तिमाहीशी तुलना करून घाबरू नका, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

5,000 कोटींची अट कुणाला जाचक वाटेल. ती काढून टाकली तर यादी एकदम लांबते आणि त्यात ‘सॉफ्टवेअर’ नाव लावून संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या, वर्षाला चाळीस कोटींची विक्री असलेल्या कंपन्याही येतात. अशा शेअरमध्ये मंदीत रोज लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची कमाल मर्यादा) लागतं आणि विकायचं म्हटलं तरी घेणारा मिळत नाही. आकडे कितीही चांगले असोत, बाहेर पडायला वाट नसलेली जागा नवशिक्यानं घेऊ नये.

तोट्यातल्या ॲप कंपन्यांना ही पद्धत लागू होत नाही. तिथं नफा नाही म्हणून पी/ई नाही, आरओसीई उणे. हातातली रोकड किती आणि ती वर्षाला किती जळते हा एकच हिशेब तिथं सुरुवातीला करता येतो.

वापरायला संकेतस्थळ हलकं आहे, आलेखांचा भपका नाही, त्यामुळं तालुक्याच्या गावी नेट मंद असतानाही पान उघडतं. मोबाइलवर मात्र दहा वर्षांचा तक्ता बोटानं आडवा सरकवत वाचावा लागतो आणि ओळ चुकते. मोबाइल आडवा धरा किंवा ‘एक्स्पोर्ट टू एक्सेल’ करून संगणकावर बघा. एक्सेलची सोय खरंच उत्तम आहे: आपला स्वतःचा तक्ता एकदा बनवून तिथं चढवला की पुढं प्रत्येक कंपनीचे आकडे त्याच साच्यात उतरतात. पाच वर्षांची रोकड भागिले नफा, रोकडीवरचं व्याज, 15 टक्के कमी ईपीएसवरचा पी/ई ही तिन्ही गणितं एकदाच मांडून ठेवता येतात. मराठी नाही, ही खरी उणीव आहे. जालना-परभणीतला व्यापारी उधारी आणि रोकड यांतला फरक कुठल्याही पदवीधरापेक्षा चांगला जाणतो, पण ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’ म्हटलं की तो मागं सरतो. तसंच ‘प्रोज’ आणि ‘कॉन्स’ या हिरव्या-लाल चौकटी संगणकानं आपोआप लिहिलेल्या असतात. त्यांवरून निर्णय घेऊ नका.

पैसा कुठला लावायचा याबद्दल मराठवाड्यापुरतं एक सांगणं भाग आहे. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, कापसाचे त्यापुढं. त्याच वेळी रब्बीची पेरणी, मुलांच्या फिया आणि बँकेचं देणं असतं. बाजार पडला आहे म्हणून हा पैसा शेअरमध्ये घातला, तर जूनच्या बियाण्याला तो मोडावा लागतो आणि मंदी तोवर संपलेली असेलच असं नाही. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडला होता. त्या आठवड्यात गरजेपोटी विकावं लागलं त्यांनाच कायमचा तोटा झाला. पाच वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढीच रक्कम यात घाला, आणि तीही तीन हप्त्यांत, लागोपाठच्या तीन निकालांनंतर. निकाल जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये लागतात, टीसीएसचा बहुधा सगळ्यांत आधी.

व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरचे गट मंदीत ‘तळ आला’ म्हणून नावं पाठवतात. पाठवणाऱ्याकडं सेबीचा, म्हणजे बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा. संशोधन विश्लेषकाचा आयएनएच आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. आणि क्रमांक खरा असला तरी सुचवलेलं नाव वरच्या चाळणीतून काढा, पंधरा मिनिटांत निम्मा निकाल लागतो.

कंपनीच्या पानावर स्वतःची टिपणं ठेवायलाही जागा आहे. खरेदी कराल त्याच दिवशी तिथं विकायच्या अटी आकड्यांत लिहा: अनबिल्ड धरून उधारी 95 दिवसांवर गेली तर, तीन वर्षांची रोकड नफ्याच्या 70 टक्क्यांखाली आली तर, सर्वांत मोठा ग्राहक गेला तर. शेजारी त्या दिवशीचा भाव, ईपीएस आणि तारीख टाका. पुढच्या निकालाला हेच टिपण आधी उघडायचं, भाव नंतर बघायचा.